जुनी गेमिंग यंत्रं : संग्रहालयांनी चालवायची की नुसती जपायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेआड ठेवलेला जुना कन्सोल पाहिला की लोकांच्या तोंडून हमखास दोनपैकी एक वाक्य निघतं. "एकदा खेळायला मिळायला हवं होतं," नाहीतर "बरं झालं, कुणाला हात लावू देत नाहीत." मी बरीच वर्षं जुने कन्सोल आणि होम कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करतोय, आणि दोन्ही बाजूंची माणसं मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माझं मत मी लपवलेलं नाही.

वाद नेमका कशाचा आहे?

मूळ वस्तूला कमीत कमी हात लावायचा, हा संग्रहालयांचा जुना शिरस्ता. नाणं, मूर्ती, चित्र यांना तो चपखल बसतो, कारण त्या वस्तू पाहण्यासाठीच घडवलेल्या असतात. कन्सोल बंद असेल तर मात्र समोर प्लास्टिकचं एक खोकं उरतं. त्यात काय होतं, हे तो चालू झाल्याशिवाय कळत नाही, आणि चालू केला की तो झिजतो.

हा पेच गेमिंगपुरता नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसन यांची अठराव्या शतकातली सागरी घड्याळं आहेत. त्यांतली पहिली तीन चालू ठेवतात. चौथं, म्हणजे एच-४, मुद्दाम बंद ठेवलं आहे, कारण त्याला तेल लागतं आणि चालत राहिलं तर ते झिजत जाईल. घड्याळं एकाच कारागिराची, पण निर्णय वेगवेगळे. मला हे उदाहरण फार पटतं. तिथे कुणी सरसकट नियम लावला नाही, प्रत्येक घड्याळाच्या आत काय आहे ते पाहून ठरवलं.

वापरलंच नाही तर यंत्र टिकेल ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मागे माझ्याकडे हातात धरून खेळायचा, रंगीत पडद्याचा एक कन्सोल आला. मूळ खोक्यात, थर्मोकोलसकट. मालकाने तो जेमतेम महिनाभर वापरून कपाटात ठेवला होता. बाहेरून अगदी नवाकोरा. बॅटऱ्या घातल्यावर लाल दिवा लागला, दोन सेकंदांत मंदावला आणि विझला. मागचं झाकण काढलं तर बोर्डावरच्या मसुराएवढ्या कपॅसिटरांच्या (वीज थोडा वेळ साठवणारे छोटे भाग) पायथ्याशी ओलसर चकाकी दिसली. तिथे सोल्डरिंगची गरम टीप टेकवली आणि खोलीभर मासळीचा वास पसरला. त्यांच्यातलं इलेक्ट्रोलाइट हे रसायन पाझरलं की हा वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. खालच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या, त्यांतल्या दोन पार खाल्ल्या गेल्या होत्या. रोज खेळला गेलेला, ओरखड्यांनी भरलेला कन्सोल कुणीतरी वेळीच दुरुस्तीला आणतं. हा मात्र जपला गेला म्हणूनच आतल्या आत सडला.

असे प्रकार बरेच आहेत. २००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सच्या बहुतेक बोर्डांवर घड्याळासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. यंत्र वापरा किंवा नका वापरू, तो गळतो आणि आजूबाजूच्या रेषा खातो. जुन्या कॉम्प्युटरांच्या आणि आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांच्या) बोर्डांवर निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या, त्यांचंही तेच. ज्यांच्यावर प्रोग्रॅम लिहिलेला असतो त्या ईप्रॉम चिपांमधला विद्युतभार हळूहळू ओसरतो. रबराचे पट्टे चिकट होतात. कन्सोलभोवती गुंडाळून ठेवलेल्या वायरीचं आवरण मऊपणासाठी घातलेलं रसायन बाहेर टाकतं, आणि ती वायर प्लास्टिकमध्ये रुतून कायमचा वळ उठवते.

या सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे कॅपकॉमचे १९९३ पासूनचे सीपीएस-२ आर्केड बोर्ड. त्यांच्यावरचा गेम कूटबद्ध असतो, आणि तो उलगडणारी किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी संपली की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की गेम सुरूच होत नाही. हौशी मंडळी त्या बॅटरीला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. असा बोर्ड हात न लावता ठेवून दिला तर तो ठरल्यासारखा मरतो. पुढे या हौशी लोकांनीच किल्ल्या शोधून काढल्या, म्हणून आज मेलेले बोर्ड पुन्हा उठवता येतात. 

मग रोज चालवणं जास्त चांगलं का?

तसंही नाही. चालवलं की उष्णता आली. तापणं आणि निवणं यांच्या फेऱ्यांनी सोल्डरचे सांधे तडकतात. स्विच, बटणं, जॉयस्टिकचे स्प्रिंग, कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, जिथे बसते तो खाचा, हे सगळं घासलं जातं. सीडीच्या यंत्रांमधला लेझर क्षीण होत जातो.

यातल्या बऱ्याच भागांना पर्याय मिळतात. खास बनवलेल्या चिपांना मिळत नाहीत. कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरमधली सिड ही आवाजाची चिप घ्या. १९८२ च्या या यंत्रातल्या ६५८१ क्रमांकाच्या चिपा इतक्या कमीजास्त बनल्या आहेत की दोन यंत्रांवर एकच धून वाजवली तर फिल्टरचा आवाज वेगळा येतो. म्हणजे एक चिप जळाली की एक विशिष्ट आवाज गेला, तोच पुन्हा मिळत नाही. आणि या यंत्राचा मूळ पावर सप्लाय कुप्रसिद्ध आहे. म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि मेमरीच्या चिपा मारतो. "सगळं मूळचं हवं" या हट्टापायी तो जोडणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मधला मार्ग: वीस वर्षं पडून असलेलं यंत्र उद्घाटनाच्या दिवशी झोकात प्लगला लावायचं. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमकुवत झालेला असतो, त्याला हळूहळू व्होल्टेज वाढवत सावरावं लागतं. थेट वीज दिली तर धूर निघू शकतो, आणि तेही पाहुण्यांसमोर.

एम्युलेटर आहेत की. मूळ यंत्र कशाला हवं?

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा, आजच्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम; त्यांचे उपकार मोठे आहेत. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला मेम हा आर्केड यंत्रांच्या एम्युलेटरचा प्रकल्प नसता तर कितीतरी आर्केड गेम कसे चालायचे हेच आज कुणाला ठाऊक नसतं. पण एम्युलेटर बरोबर आहे की नाही हे ताडून कशाशी पाहणार? चालू मूळ यंत्राशीच. ती यंत्रं संपली की चूक दाखवणारं कुणी उरत नाही.

शिवाय काही गेममध्ये उतरवून घ्यायला प्रोग्रॅमच नाही. १९७२ चा पाँग म्हणजे नुसतं सर्किट. त्यात प्रोसेसर नाही, एक ओळ कोड नाही, चेंडू आणि फळ्या थेट लॉजिक चिपांच्या जोडणीतून पडद्यावर येतात. त्याच वर्षीच्या मॅग्नावॉक्स ओडिसीमध्येही प्रोसेसर नव्हता. टीव्हीच्या काचेवर रंगीत, पारदर्शक पडदे चिकटवायचे आणि त्यांवरून उजेडाचे ठिपके फिरवायचे. ओडिसीचा गेम अर्धा त्या पडद्यांत आणि सोबतच्या पत्त्या-सोंगट्यांत आहे. त्याची फाइल कोणती म्हणायची?

जुन्या टीव्हीतल्या पिक्चर ट्यूबचा एवढा आग्रह का? मोठा सपाट पडदा जास्त स्वच्छ दिसतो.

स्वच्छ दिसतो, आणि तीच अडचण आहे. त्या काळच्या चित्रकारांनी ट्यूबवर रंग थोडे एकमेकांत मिसळणार हे गृहीत धरून ठिपके मांडले होते.

पण दिसण्यापेक्षाही पक्कं कारण निन्टेन्डोच्या झॅपर बंदुकीत आहे. बदकं टिपायच्या 'डक हंट' गेममध्ये तुम्ही घोडा दाबता तेव्हा पडदा एका फ्रेमपुरता पूर्ण काळा होतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश टिपणारा डायोड त्या क्षणी उजेड पाहतो की नाही, एवढ्यावर नेम ठरतो. डोळ्याला फक्त एक लपलप जाणवते. सपाट पडद्याला चित्र दाखवायला जरासा उशीर होतो, आणि बंदुकीतलं सर्किट ट्यूबच्या आडव्या रेषांच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या तालावर बेतलेलं असतं. म्हणून कन्सोल ठणठणीत, बंदूक ठणठणीत, आणि तरी एकही बदक पडत नाही. ट्यूब संपल्या की बंदुकीला अर्थ उरणार नाही.

१९७९ च्या अॅस्टेरॉइड्सचं तर अजून वेगळं. त्याचा पडदा रेषा थेट इलेक्ट्रॉनच्या किरणाने ओढतो, ठिपक्यांनी चित्र भरत नाही. यानातून सुटलेली गोळी बाकीच्या रेषांपेक्षा कितीतरी प्रखर असते, अंधाऱ्या खोलीत ती अक्षरशः टोचते. मी हा गेम आधी कॉम्प्युटरवर खेळलो होतो. मूळ आर्केड यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्याच गोळीला कळलं की आजवर मी त्याचं नुसतं रेखाटन पाहिलं होतं.

ट्यूब मात्र मर्यादित आहेत. मोठ्या प्रमाणावर त्या बनणं थांबलं आहे, आणि तासागणिक त्यांची चमक उतरते. एकच चित्र सतत ठेवलं तर काचेच्या आतल्या चकाकणाऱ्या लेपावर, म्हणजे फॉस्फरवर, त्याची छाप बसते. बंद असलेल्या कित्येक पॅक-मॅन यंत्रांवर चक्रव्यूह अजूनही दिसतो तो यामुळेच. म्हणून माझं म्हणणं असं की ट्यूब दिवसभर पेटती ठेवू नये. पाहुणा आला, बटण दाबलं, पाच मिनिटं चालली, पुन्हा विझली, अशी सोय करावी.

प्रतिकृती करून ठेवली तर दोन्ही साधणार नाही का?

पुष्कळदा साधतं. १९५८ मध्ये विल्यम हिगिनबॉथम यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर) टेनिसचा खेळ केला होता. नंतर त्याचे भाग सुटे करून दुसऱ्या कामांना वापरले गेले. १९९७ मध्ये प्रयोगशाळेने तो पुन्हा उभारला. मूळ वस्तूच नाही, तिथे प्रतिकृतीवर आक्षेप कोण घेणार?

राल्फ बेअर यांचा 'ब्राउन बॉक्स' हा ओडिसीचा पूर्वज. २००६ मध्ये बेअर यांनी आपले मूळ नमुने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला दिले. आपल्या हयातीत त्यांनी स्वतः त्याच्या प्रतिकृतीही बनवल्या होत्या. लाकडी नक्षीचा कागद चिकटवलेली जगातली ती एकमेव पेटी कुणाला खेळायला द्यावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. प्रतिकृतीवर खेळावं आणि मूळ पेटी शेजारी पाहावी.

फक्त शेजारी ठळक लिहावं की ही प्रतिकृती आहे. मूळ कन्सोलच्या कवचात छोटा कॉम्प्युटर दडवून पाहुण्याला काहीच न सांगणं ही मला फसवणूक वाटते.

भाग बदलत गेलो तर ते यंत्र मूळ राहतं का?

कपॅसिटर बदलल्याने कन्सोलचं मूळपण जातं असं मला वाटत नाही. तो भाग झिजून बदलण्यासाठीच असतो, दिव्याच्या वातीसारखा. पण काढलेला भाग फेकू नये. पुडीत घालून, तारीख आणि बोर्डावरची जागा लिहून, त्याच यंत्राच्या नावाने ठेवावा. आधीचे आणि नंतरचे फोटो घ्यावेत. पन्नास वर्षांनी कुणाला मूळ कपॅसिटर कोणत्या कारखान्याचे होते हे पाहायचं असेल, तर ती पुडी लागेल.

आणि जे केलं ते परत फिरवता यायला हवं. आधुनिक पावर सप्लाय बाहेरून जोडणं चालेल. त्यासाठी मूळ कवचाला भोक पाडणं चालणार नाही.

पिवळं पडलेलं प्लास्टिक उजळवावं का?

संग्रहालयाने उजळवू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं की रंग उतरतो हे खरं, पण तो पुन्हा पिवळा होऊ शकतो, आणि पृष्ठभागावर काय परिणाम झाला हे परत फिरवता येत नाही. स्वतःच्या घरच्या यंत्राचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

न उघडलेलं, सीलबंद खोकं उघडावं का?

इथे माझं अनेकांशी पटत नाही. सील शाबूत ठेवण्याला लिलावात भाव मिळतो, त्यामुळे सील म्हणजेच जतन असं लोकांना वाटू लागलंय. आत बॅटरी किंवा गळणारे कपॅसिटर असतील, तर सील शाबूत राहील आणि आतला बोर्ड जाईल. अशा मॉडेलचं खोकं संग्रहालयाने उघडावं, नीट नोंद करून उघडावं. आत फक्त मास्क रॉमची, म्हणजे कारखान्यातच गेम कायमचा कोरलेली, चिप असलेलं साधं कार्ट्रिज असेल तर खुशाल बंद राहू द्यावं, त्याला घाई नाही.

न चालवण्यातच अर्थ आहे अशीही यंत्रं असतात का?

असतात. १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा-डेपोत पुरला होता. २०१४ मध्ये तो खणून काढला, आणि त्यातलं ई.टी. या गेमचं एक कार्ट्रिज स्मिथसोनियनमध्ये गेलं. ते साफ करून चालवून पाहणं म्हणजे त्याची गोष्ट पुसणं. चालणारी ई.टी. कार्ट्रिज पुष्कळ आहेत.

कोणती संग्रहालयं खरोखर चालवतात?

कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमचा पीडीपी-१ हा जुना कॉम्प्युटर माझ्या दृष्टीने आदर्श आहे. अशी जेमतेम पन्नासेक यंत्रं बनली, आणि १९६२ चा स्पेसवॉर हा गेम याच प्रकारच्या यंत्रावर लिहिला गेला. संग्रहालयातलं यंत्र स्वयंसेवकांनी दुरुस्त केलं, आणि ठरलेल्या दिवशी तेच लोक ते चालवून दाखवतात. स्पेसवॉर लिहिणारे स्टीव्ह रसेल स्वतः त्या प्रात्यक्षिकांना उभे राहिले आहेत. यंत्र दुर्मिळ, तरी चालतं, कारण हात जाणकाराचा आहे आणि वेळ मोजकी आहे.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला द स्ट्राँग हे खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे आर्केड यंत्रं लोक प्रत्यक्ष खेळतात आणि दुरुस्त करणारी माणसं पगारावर आहेत. बर्लिनचं कॉम्प्युटरश्पीलेमुझेउम १९९७ पासूनचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी सिएटलला उभारलेलं लिव्हिंग कॉम्प्युटर्स हे संग्रहालय जुनी यंत्रं चालू ठेवण्यासाठीच ओळखलं जायचं. २०१८ मध्ये ते गेले, २०२० मध्ये संग्रहालयाचं दार बंद झालं, आणि २०२४ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर होऊन संग्रहातल्या वस्तू लिलावात निघाल्या. यंत्रं दुसरीकडे गेली तरी ती रोज चालवणाऱ्या माणसांचं एकत्र असणं विकत घेता येत नाही. मला त्या बातमीने फार वाईट वाटलं होतं.

कायदा आडवा येतो का?

यंत्र चालवायला सहसा नाही, गेमची प्रत काढायला येतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दुरून खेळू द्यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. म्हणजे अशा गेमसाठी अभ्यासकाला ग्रंथालयात प्रत्यक्ष जावं लागतं, आणि तिथे मूळ यंत्र चालू असेल तर फार बरं.

मग एखाद्या संग्रहालयाने ठरवायचं कसं?

मी पहिला प्रश्न विचारेन तो संख्येचा. असं यंत्र जगात किती आहे? एकच असेल तर ते झोपू द्या, पण दरवर्षी उघडून आत बघा. लाखोंनी बनलं असेल तर किमान तीन घ्या: एक खेळायला, एक सुट्या भागांसाठी, एक शांत ठेवायला. खेळायचं यंत्र झिजणार हे मान्य करूनच ते दालनात आणा. मुलं जॉयस्टिक पिळणारच, ती तशीच वापरायची वस्तू होती. त्यांच्या हाती मूळ कंट्रोलरऐवजी नव्याने बनवलेला दिला तरी चालेल.

शांत ठेवलेल्यातून बॅटरी काढा, गळणारे कपॅसिटर बदला, वायर सुटी ठेवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राखा.

आणि माणूस शिकवा. ट्यूबच्या मॉनिटरमध्ये वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. तो सुरक्षितपणे रिकामा कसा करायचा हे पुस्तकात वाचून हात घालण्याचं काम नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं. ते शिकवणारी पिढी आता साठी ओलांडून गेली आहे. पैसे थोडेच असतील, तर मी ते नव्या काचेच्या पेटीवर घालण्याऐवजी एका शिकाऊच्या पगारावर घालेन.

माझ्याकडे जुना कन्सोल आहे. संग्रहालयाला द्यायचाय. आधी काय करू?

लगेच प्लगला लावू नका. खोलून बघता येत असेल तर बॅटरी आणि कपॅसिटर बघा, नसेल तर जाणकाराला दाखवा. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने धातूची टोकं गंजू शकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसा.

सोबत खोकं, माहितीपुस्तिका, पावती, कुणी कधी घेतला आणि कोण कोण खेळायचं हे कागदावर लिहून द्या. कंट्रोलरवर नाव कोरलेलं असेल तर घासून काढू नका. कार्ट्रिजमध्ये सेव्ह ठेवणारी बॅटरी असेल तर ती बदलण्याआधी आतला सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सांगा. बॅटरी निघाली की तो पुसला जातो, आणि त्यात बहुतेक वेळा कुणीतरी लहानपणी टाकलेलं स्वतःचं नाव असतं.